शिकवण्याची चाचणी : अभियांत्रिकी अध्यापनाच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

स्थापत्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी क्यूब फोडलेला असतो. १५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवायचा, मग दाबयंत्रात घालून काटा कुठे थांबतो ते पाहायचे. ठेकेदार कितीही जुना आणि जाणता असो, ‘आमचा माल चांगलाच असतो’ एवढ्या बोलण्यावर त्याचे बिल मंजूर होत नाही. आणि हीच चाचणी मुलांना शिकवणारे आपण मात्र ‘ट्रस मी चांगलाच शिकवतो’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे स्वतःचे बिल मंजूर करून घेत आलो आहोत. निकाल लागला की तो मुलांचा. पास झाली तर आपण शिकवले म्हणून, नापास झाली तर त्यांनी अभ्यास केला नाही म्हणून.

ही विसंगती ज्यांना खुपू लागली, त्यांनी एक अभ्यासक्षेत्र उभे केले. अभियांत्रिकी कशी शिकवली जाते, मुले ती प्रत्यक्षात कशी शिकतात, आणि शिकली हे कशावरून म्हणायचे, एवढाच त्याचा विषय. जगभर त्याच्या परिषदा भरतात, नियतकालिके निघतात; त्यांतले एक आपल्याच सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून निघते. मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएचडी करता येते. तरीही आपल्या बहुतेक स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की चेहऱ्यावर ‘आणखी एक फॉर्म भरायचा का?’ हा प्रश्न उमटतो. ज्यांच्या चेहऱ्यावर तो उमटतो, त्यांच्यासाठीच हे लेखन आहे. पहिल्यांदा वर्गावर उभे राहिलेले सहायक प्राध्यापक, पॉलिटेक्निकमधले अधिव्याख्याते, आयटीआयचे निदेशक, कारखान्यात नव्या मुलांना लाइनवर उभे करणारे सुपरवायझर, सगळेच यात आले. शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. मोजायची सवय आणि मोजमाप आपल्याविरुद्ध गेले तरी ते खोडून न टाकण्याची तयारी असली की पुरे.

मी उदाहरणे शक्यतो नाशिकची घेणार आहे. एक कारण सोयीचे, मी इथलाच. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. अभियंता घडवण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या एका शहराच्या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. दिंडोरी रस्त्यावर १९५९ पासून मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरण बांधण्याआधी त्याच्या सांडव्याची लहान प्रतिकृती करून तिच्यावरून पाणी सोडून बघायचे, हा तिथला शिरस्ता. शासनाच्या सेवेत नव्याने दाखल झालेल्या अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही नाशिकचीच. ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तिथे शिकाऊ उमेदवार रिव्हेट मारायला शिकतो तो फळ्यावरून नव्हे, शेजारच्या माणसाचा हात बघून. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, आयटीआय, शासकीय तंत्रनिकेतन, १९८४ मध्ये सुरू झालेल्या के. के. वाघ महाविद्यालयापासून पुढच्या काळात उभी राहिलेली अभियांत्रिकी महाविद्यालये, आणि गोवर्धनच्या माळावर १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, जिथे शिक्षक समोर नसतानाही पाठ कसा लिहावा याचा विचार झाला. या ठिकाणांमधले अंतर दुचाकीवर एका दिवसात संपते. तिथल्या माणसांनी एकमेकांना ‘तुम्ही शिकवता कसे?’ असे विचारल्याचे मात्र मी क्वचितच ऐकले आहे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आपण आज वर्गात जे करतो त्यातले बरेचसे कुणीतरी, कधीतरी, वेगळ्याच गरजेपोटी ठरवलेले आहे.

पुण्यात १८५४ मध्ये जो अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकामांना दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. इमारती, कालवे, पूल, रेल्वे यांच्या कामावर देखरेख ठेवणारी माणसे इंग्लंडहून आणणे परवडत नव्हते. त्याच वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले, आणि १८८३ मध्ये तिथून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दुसऱ्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. लवकरच पांझरा नदीतून नळाचा सायफन टाकण्याचे काम त्यांच्या अंगावर आले, तेही पावसाळ्यात. काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटत होते, वरिष्ठांना ते मान्य नव्हते, आणि शेवटी ते त्यांनी पुरे केले. विश्वेश्वरय्यांचे चरित्र आपण फार भक्तिभावाने सांगतो, त्यामुळे त्यातला आपल्या कामाचा प्रश्न निसटतो. नदी चढत असताना काम थांबवायचे की रेटायचे, हा निर्णय घ्यायला त्यांना कॉलेजात कुणी शिकवले होते का? बहुधा नाही. मग ते कुठे शिकले? पुस्तकातल्या गणितापासून चिखलातल्या निर्णयापर्यंतचे हे जे अंतर आहे, ते अभियांत्रिकी शिक्षणाचा सगळ्यात जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

दुसरा धागा वर्कशॉपचा. पहिल्या वर्षाला आलेला प्रत्येक विद्यार्थी, मग तो पुढे संगणक शाखेचा का असेना, फिटिंगचा जॉब करतो. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा, त्यात दुसरा तुकडा बसवायचा. सुतारकामात लाकडी सांधा करायचा. हे कुठून आले? १८६८ पासून मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाचे संचालक असलेल्या व्हिक्टर डेला-व्होस यांनी कारागिराचे काम सुट्या कृतींत फोडले. आधी घासणे, मग छिलणे, मग जोडणे, प्रत्येकाचा ठरावीक नमुना, सोप्याकडून अवघडाकडे. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबण्याऐवजी एकाच वेळी वर्गभर मुलांना हातकाम शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते नमुने एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी पाहिले आणि ते भारावून गेले. तिथून ही पद्धत जगभर पसरली. डेला-व्होस यांची कल्पना मोठीच होती. पण त्या क्रमाचे टोक खऱ्या वस्तूच्या निर्मितीत होते. आपण सुरुवातीचे नमुने ठेवले आणि टोक सोडून दिले. आज तो जॉब ज्याच्या हातून नीट घासला जात नाही, तो थोडे पैसे देऊन कुणाकडून तरी घासून आणतो, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

तिसरा धागा ड्रॉइंगचा. गास्पार मोंज यांनी फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस वर्णनात्मक भूमिती शिकवायला घेतली, ती त्रिमितीतली वस्तू डोळ्यांपुढे फिरवून सपाट कागदावर उतरवता यावी म्हणून. आपल्याकडे ड्रॉइंगचे सबमिशन म्हटले की पहिला शब्द आठवतो तो जीटी. काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेघ न् रेघ गिरवून काढायची. ग्लास ट्रेसिंग. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या या कलेत पारंगत आहेत, आणि ती करताना वस्तू डोळ्यांपुढे एकदाही फिरत नाही. यावर मुलांना नैतिकतेचे धडे देणे सोपे आहे. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा : आपण दिलेले काम असे कसे की विचार न करता ते हुबेहूब पुरे करता येते? मुले आळशी आहेत हे क्षणभर मान्य केले, तरी आराखडा आपला आहे.

१९८३ हे साल महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्याच वर्षी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी गावाला लागणारी कामे करत करत तंत्रज्ञान शिकावे, वेल्डिंगपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत, अशी त्यांची रीत. पुढे एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक याच पाबळला आली. पहिल्या निर्णयाने राज्यभर हजारो जागा निर्माण झाल्या आणि ग्रामीण भागातल्या, कधीही इंजिनिअर न झालेल्या घरांतली मुले अभियंता झाली. त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण जागा वाढल्या त्या वेगाने शिक्षक कुठून येणार? जूनमध्ये पदवी हातात पडलेला मुलगा जुलैत वर्गावर उभा राहिला, आणि त्याला शिकवण्याची एकच पद्धत माहीत होती, ज्या पद्धतीने तो शिकला ती. पाबळच्या प्रयोगाकडे मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ‘ते शाळा सोडलेल्या मुलांसाठी आहे’ म्हणून पाहिलेच नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला पाबळच्या मुलाइतक्या विश्वासाने मल्टिमीटर हातात धरता येतो का, हे एकदा तपासून पाहायला हवे.

आता संशोधनाकडे. या क्षेत्रात शिरणाऱ्याने आधी कुठला एक निष्कर्ष मनात मुरवावा असे कुणी विचारले, तर मी १९८१ चा एक प्रयोग सांगेन. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राची काही गणिते चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि सांगितले : सोडवू नका, फक्त सारखी वाटतील ती एकत्र ठेवा. नवशिक्यांनी उतारावरच्या ठोकळ्यांची सगळी एका गठ्ठ्यात घातली, कप्पीची दुसऱ्यात, स्प्रिंगची तिसऱ्यात. तज्ज्ञांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका बाजूला ठेवली, मग त्यांत उतार असो की स्प्रिंग. म्हणजे नवशिका चित्र पाहतो आणि तज्ज्ञ तत्त्व. तज्ज्ञ असल्यामुळेच शिक्षकाला हे कळत नाही की समोरच्याला आपल्याला दिसते ते दिसतच नाही.

हे वाचल्यावर आपल्या वर्गातले एक वाक्य निराळेच ऐकू येऊ लागते : ‘सर, या टाइपचे सम झालेच नाही.’ आपण चिडतो. पण विद्यार्थी प्रामाणिकपणे आपल्या गठ्ठ्यांची यादी सांगत असतो. आणि ते गठ्ठे त्याला कुणी करून दिले? आपण. एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या, तासाला ‘टाइप एक, टाइप दोन’ अशी फळ्यावर आखणी करणारे आपण. मागच्या दहा परीक्षांचे प्रश्न प्रकारवार लावून छापणारी लोकल लेखकांची पुस्तके तर तेवढ्यासाठीच खपतात. परीक्षेपुरती ही व्यवस्था चोख चालते. तिसऱ्या वर्षाला तोच सिद्धान्त दुसऱ्या कपड्यात समोर आला की कोसळते.

दुसरा प्रयोग शिक्षकाच्या अहंकाराला लागणारा आहे. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी एकच आशय दोन प्रकारे शिकवला. एका गटाला उत्तम वक्त्याचे ओघवते व्याख्यान. दुसऱ्या गटाला तेच प्रश्न आधी स्वतः सोडवायला लावले, अडखळू दिले, मग उलगडून सांगितले. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. मात्र ‘किती शिकलात असे वाटते?’ या प्रश्नाला पहिल्या गटाने अधिक गुण दिले. ऐकताना सगळे सोपे वाटते, आणि सोपे वाटणे म्हणजेच समजणे असा मनाचा समज होतो. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या अभिप्रायांवर शिक्षकांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक प्राचार्यांनी हा निबंध एकदा तरी वाचावा. मुलांच्या आवडत्या सरांचे काय करायचे, हा अवघड प्रश्न त्यातून निघतो. मला त्याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही.

एखाद-दुसऱ्या वर्गावर विसंबायचे नसेल तर २०१४ चे स्कॉट फ्रीमन यांचे संकलन आहे. विज्ञान-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांची एकत्र मांडणी त्यांनी केली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचे प्रमाण, विद्यार्थ्यांना काही ना काही करायला लावणाऱ्या वर्गांच्या दीडपट निघाले. ‘आमच्याकडे वर्ग मोठे असतात, हे परदेशात ठीक’ हा आक्षेप लगेच येतो. मुंबईच्या आयआयटीत शेकडो विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्गात हा आक्षेप तपासला गेला. प्रश्न द्यायचा, आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग सगळ्यांपुढे. निरीक्षकांनी बाकांमध्ये बसून नोंदी केल्या. सरासरी ८३ टक्के मुले खरोखर कामात गुंतलेली आढळली. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाके जमिनीला पक्की ठोकलेली असली तरी शेजारी असतोच.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की व्याख्यान बंद करावे आणि सगळे प्रकल्पावर सोडावे. सावध राहा. डेन्मार्कमधल्या आलबोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्प हाच शिक्षणाचा कणा मानला आणि ते निभावलेही, कारण तिथे प्रत्येक गटामागे वेळ देणारा मार्गदर्शक आणि सत्राचा मोठा हिस्सा प्रकल्पासाठी मोकळा होता. आपल्या पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षातच प्रकल्पाधारित शिक्षण हा विषय घातला. हेतू उत्तम. मात्र ज्या मुलाला अजून विद्युतमंडळ काढता येत नाही त्याला ‘समाजाची समस्या शोधा आणि सोडवा’ म्हटले, तर तो तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानाचा पत्ता शोधतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये याच मुद्द्यावर कडक टीका केली : नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी थोड्या असतात, त्याला आधाराशिवाय सोडले तर सगळी ताकद चाचपडण्यातच जाते. त्यावर उत्तरेही आली आणि वाद अजून चालू आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत आहेत. सोडवून दाखवलेले उदाहरण पहिल्या महिन्यात अमृत असते आणि सहाव्या सत्रात विष. केव्हा हात सोडायचा हे शिक्षकाला मोजून ठरवता आले पाहिजे, आणि ते मोजण्याची साधने देणे हेच या क्षेत्राचे काम.

या वादाला नाशिकने एक मोठे उदाहरण पुरवले आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याआधी, २०१४ पासून, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे नाशिकात भरू लागली. इथली आणि बाहेरची मुले, डॉक्टर, उद्योजक, पालिकेचे अधिकारी एका छताखाली. विषय कागदावरचे नव्हते. गर्दी कशी मोजायची, साथीच्या आजाराची चाहूल आधी कशी लागेल, लाखो माणसांना तात्पुरता निवारा कसा द्यायचा. पुढे टाटा कन्सल्टन्सीने नाशिकात डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र काढले, त्याची मुळे याच हालचालीत होती.

शिकवण्याच्या दृष्टीने यातले सोने कुठे आहे? पाठ्यपुस्तकातल्या गणितात जेवढी लागते तेवढीच माहिती दिलेली असते. एक आकडा उरला तर विद्यार्थ्याला शंका येते की आपले चुकले. रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत कुणी ‘दिलेले आहे’ असे सांगत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते, हे गर्दीच्या शास्त्राने सांगितलेले आहे. पण ते मोजायचे कसे? कॅमेऱ्याने मोजावे तर मंडप आणि पताका आड येतात. मोबाइलच्या सिग्नलवरून मोजावे तर कित्येक यात्रेकरूंकडे फोन नाही, आणि स्नानाला उतरताना फोन पिशवीत राहतो. मग चटईवरून जाणारी पावले मोजण्याची कल्पना आली. वाटेवर अंथरलेल्या दाबसंवेदी चटया, ‘आशिओटो’ नावाच्या. २०१५ च्या कुंभात त्यांनी १८ तासांत सुमारे ५ लाख माणसे मोजल्याचे करणाऱ्यांनीच पुढे जाहीर भाषणात सांगितले. काय मोजायचे हे ठरवण्यातच अर्धी अभियांत्रिकी असते, आणि आपल्या चार वर्षांच्या पदवीत हा निर्णय विद्यार्थ्याला किती वेळा घ्यावा लागतो याची यादी करायला बसलो तर हाताची बोटे उरतात.

आता दुसरी बाजू. ज्या उपकरणाची सगळ्यात जास्त चर्चा झाली, त्यामागच्या चमूतला पुढे जगभर गाजलेला मुलगा तेव्हा शाळेत होता. अभियांत्रिकीच्या पदवीचा त्यात हात नव्हता. हे आपल्याला टोचायला हवे. शिवाय अशा शिबिरांतल्या बहुतेक नमुन्यांचे आयुष्य शिबिराएवढेच असते. पाऊस, चिखल, वीज जाणे आणि बंदोबस्तातल्या पोलिसाचा बूट यांच्यापुढे टिकणारी वस्तू करायला जे महिने लागतात त्यांना टाळ्या मिळत नाहीत. आणि आपल्या क्षेत्राची खरी तक्रार अशी : नमुन्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले, मुलांबद्दल फार थोडे. शिबिरात आलेला मुलगा परत गेल्यावर द्रवयांत्रिकीच्या तासाला वेगळे प्रश्न विचारू लागला का? गट चारचा आणि काम एकाचे, असे किती गटांत झाले? मुली सादरीकरण करत होत्या की सोल्डरिंग? हे विचारायला पैसे लागत नव्हते, एक वही पुरली असती.

कागदांचा उल्लेख केल्याशिवाय आजच्या प्राध्यापकाला ही प्रस्तावना खरी वाटणार नाही, म्हणून थोडक्यात. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि निष्पत्ती-आधारित शिक्षण आपल्याकडे सक्तीने आले. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे ते आधी लिहा, मग तिथून मागे येत शिकवणे आखा, ही त्यामागची कल्पना कुठल्याही डिझायनरला पटणारी आहे. प्रत्यक्षात एनबीए या मानांकन मंडळाची भेट जवळ आली की सीओ-पीओचे, म्हणजे विषयाच्या आणि पदवीच्या निष्पत्तींचे, तक्ते रात्री जागून भरले जातात आणि सगळीकडे सरासरी २.१ ते २.४ येते. ते आकडे आपण स्वतः क्यूबच्या अहवालात पाहिले असते, तर साइटवर जाऊन चौकशी केली असती.

भाषेचेही तसेच. पेठ, सुरगाणा, कळवणहून आलेल्या मुलाला मराठीत समजावतात, त्याने इंग्रजीत लिहावे अशी अपेक्षा ठेवतात, आणि ओरलला तो गप्प बसला की ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ असा शेरा मारतात. संकल्पना नव्हती की वाक्य नव्हते, हे वेगळे करून पाहण्याची पद्धत आहे आणि ती अवघडही नाही : तोच प्रश्न आधी आकृती काढून सोडवायला द्या, मग बोलायला लावा. २०२१ मध्ये काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाली, मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग पुणे परिसरात निघाला. त्याचे मूल्यमापन घोषणांनी नको, अशा चाचण्यांनी व्हावे.

या क्षेत्रातल्या उघड्या प्रश्नांपैकी मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आपल्या प्रत्येक दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलेला असतो. बारावीहून आलेली मुले आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले. डिप्लोमावाल्याने लेथ चालवलेले असते, सबस्टेशन पाहिलेले असते, पण विकलन समीकरण दिसले की तो हबकतो. बारावीवाला समीकरण सोडवतो, आणि मोटारीची जोडणी उलटी झाली तर काय होईल हे त्याला सांगता येत नाही. आपण दोघांना ‘सेकंड इयर’ म्हणून एकच व्याख्यान देतो, आणि पहिल्या सत्रानंतर डिप्लोमावाले डिफॉल्टर यादीत गेले की त्यांची कुवत कमी असे ठरवतो. मॉस्कोच्या हातकामापासून पॅरिसच्या भूमितीपर्यंत दीडशे-दोनशे वर्षे ज्या दोन परंपरांची जुळणी जगाला नीट साधलेली नाही, त्या दोन्ही आपल्याकडे एकाच बाकावर बसल्या आहेत. त्यांना जोडीने बसवले तर काय होते? कुणाच्या हातात खडू द्यावा आणि कुणाच्या हातात पाना? परदेशातल्या निबंधांत याचे उत्तर तयार मिळणार नाही, कारण हा वर्ग आपला आहे.

सुरुवात करायची असेल तर महागडे काही लागत नाही. येत्या सिंहस्थाची तयारी शहरात चालूच आहे, २०२७ मध्ये गोदेकाठी पुन्हा ती गर्दी उसळणार आहे. सत्राच्या पहिल्या तासाला, हजेरी झाली की, फळ्यावर एवढेच लिहा : स्नानाच्या दिवशी रामकुंडाच्या पायऱ्यांवरून एका मिनिटात जास्तीत जास्त किती माणसे सुखरूप उतरू शकतील? सूत्र देऊ नका, पायऱ्यांची रुंदी सांगू नका. वीस मिनिटे द्या. काय गृहीत धरले आणि आणखी कोणती माहिती हवी, ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे. कागद गोळा करा, पण मार्क देऊ नका आणि उत्तरही सांगू नका. वर रोल नंबर आणि डिप्लोमा की बारावी एवढी नोंद करून घ्या, आणि सत्र संपताना तोच प्रश्न पुन्हा विचारा.